बैलाला सांगितलेलं

त्या साली गावातले बैल देवाने नेले, असं अजून सांगतात. देवाला फुकट बदनाम करतात. बैल आम्ही मारले, आमच्या हातांनी, आणि तेही हसतखेळत.

कुठल्याशा परमुलखात लढाई लागली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या बाजाराला गेलेला माणूस नवा पटका बांधूनच परतायचा. मग काय, गाव कापसापायी वेडं झालं. ज्वारीची वावरं कापसाखाली गेली, आणि शेवटी पारावर बसून पुरुषांनी गुरं चरायचं गायरानसुद्धा नांगरायचं ठरवलं. पुढाकार माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा. घरचा कारभारही त्यांच्याच हाती.

भासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यांनीही धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही, तिच्या पदरालासुद्धा शिवायचं नाही. सांगणं अगदीच भाग पडलं तर बाईने गोठ्यातल्या बैलाला सांगायचं, ऐकणारा ऐकतो.

नाल्याकाठचा ज्वारीचा शेवटचा पट्टाही कापसाला द्यायचा ठरला, तेव्हा मी आमच्या पांढऱ्या बैलाला म्हटलं, “काहून रे, औंदा कडबा नाई, गायरान नाई. कापूस बाजारात तू नेशीन, पन तू खाशीन काय? कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या?”

ओट्यावरून भासरे हसले. नवऱ्याला म्हणाले, “तिले सांग, पैसा असला म्हंजे कडबा इकत भेटते.”

कोणाकडून भेटते, हे कुणी विचारलं नाही. विकत घेणारे सगळेच होते, पिकवणारा कोणी उरला नव्हता.

पेरणीला तिफण पुरुष हाकतो, आणि तिच्या चाड्यात, म्हणजे बियाणं सोडायच्या लाकडी वाटीत, मूठ बाईची पडते. हाकणारा मागे वळून पाहत नाही. शेणात चोळलेली सरकी मी बांधाआड लपवली आणि ओटीतली ज्वारी सोडत गेले.

आठ दिवसांत ज्वारीने डोकं वर काढलं आणि भासरे वखर घेऊन ती मोडायला आले. मी सरळ वखरापुढे, ज्वारीच्या तासात बसले. मला ‘ऊठ’ म्हणायची त्यांना सोय नव्हती. हाताला धरून ओढायची तर नव्हतीच. ज्या रीतीने माझं तोंड बांधलं होतं, तिनेच त्यांचे हात बांधले. नवरा मात्र मला ओढू शकला असता. तो मान खाली घालून उभा राहिला, पण पुढे आला नाही. एवढं मी त्याचं आजवर मानते.

त्याच संध्याकाळी भासऱ्यांनी आम्हाला वेगळं काढलं. वाट्याला तो पट्टा आणि पांढऱ्याची जोडी.

पाऊस लवकर गेला. कापूस काळ्या मातीत तग धरून आला, घराघरांत आढ्याला टेकला. बंड्या भरून दारात उभ्या राहिल्या आणि ओढायला बैल उठेनात. बांधावर गवताची काडी नव्हती. माझ्या माहेरी, अकोल्याकडेही तीच गत. तिकडेही साऱ्यांनी कापूसच पेरलेला. कनवटीला पैसा असून लोक छपरावरचं कुजकं गवत उपसून बैलांपुढे टाकत होते. मला त्यांचा राग यायचा, आणि बैलांकडे बघवत नसे.

एका सकाळी भासरे आमच्या गोठ्यात आले; गावात ज्वारीचा कडबा तेवढा तिथेच रचलेला होता. त्यांचा एक बैल मेला होता, दुसरा तीन दिवस बसून होता. माझ्याकडे पाठ करून ते पांढऱ्याला म्हणाले, “बाप्पा, तुह्या मालकिनीले सांगजो, दोन पेंड्या दे म्हना.”

पेंड्या मी देणारच होते. बैलाचा काय गुन्हा? पण मी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि म्हणाले, “मालकीन इथं उभी हाये. तिलेच मागा.”

बराच वेळ ते दाव्याशी चाळा करत राहिले. मग वळले आणि माझ्याकडे बघून त्यांनी मागितलं.

मी दोन नाही, चार पेंड्या दिल्या. तेव्हापासून बैलाशी मी फक्त बैलाचंच बोलते.