आईचा पेशंट

आमचा चांगला कुकर लातूरला गेला, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. माणसं गेली ते एक वेळ समजू शकते. भैयाला दहावीला भरपूर मार्क पडले, त्याला डॉक्टर करायचं ठरलं, आणि डॉक्टर करायचं म्हणजे अकरावीला लातूरला घालायचं, हे आमच्या नात्यागोत्यात कुणी वेगळं ठरवावं लागत नव्हतं. नांदेडला क्लास नाहीत का? ढिगानं आहेत. पण थोरल्या मामाची मुलगी लातूरला शिकून डॉक्टर झाली होती, त्यामुळं लातूर. मेसचं खाऊन पोराचं पोट बिघडेल म्हणून त्याच्यामागं आई गेली. आणि आईच्या मागं कुकर. घरात दोन कुकर होते. वेळेवर शिट्टी देणारा भैयाच्या वाट्याला गेला. बाबांच्या आणि माझ्या वाट्याला आलेल्याची शिट्टी चिमट्यानं उचलावी लागायची.

मी तेव्हा आठवीत होते. बाबांची नोकरी भोकरला, रोज नांदेडहून जाऊन-येऊन. मी शाळेतून यायचे तेव्हा घराला कुलूप असायचं आणि चावी शेजारच्या मावशींकडे. त्यांना आम्ही त्यांच्या बोलीत खाला म्हणायचो. "आगई बेटी? चाय पीके जा," असं त्या रोज म्हणायच्या आणि मी रोज चहा प्यायचे. पण कुलूप काढताना दर वेळी डोक्यात एकच यायचं. या वेळी भैया क्लासवरून आला असेल, त्याला दार उघडं मिळालं असेल, आणि आई त्याच्यापुढं बसून गरम भाकरी वाढत असेल. दोघं हसत असतील. कशावर हसतात तेही मी मनाशी रचायचे, आणि मग स्वतःच रचलेल्या गोष्टीवर चिडायचे.

त्याच वर्षी मला पहिल्यांदा पाळी आली. खालांनीच सांभाळून घेतलं. दुकानातून पॅड आणून दिले, आल्याचा चहा केला आणि म्हणाल्या, "अम्मी को फोन पे बता देना." बाबांना हे सांगण्यासारखं नव्हतं. आईला सांगायचं म्हणून मी रात्रीच्या फोनची वाट पाहिली. फोन आला. जेवलीस का, बाबा आले का, अभ्यास झाला का. मी "आई, ऐक ना" म्हणाले आणि आई म्हणाली, "थांब गं, भैया आलाय, ताट करते. उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी सांगायचं धाडस मला झालं नाही, आणि मग ते राहूनच गेलं.

दिवाळीनंतर हैदराबादचा मामा येऊन गेला. त्यानं पिशवीतून वहीसारखं मिटणारं एक यंत्र काढलं. उघडलं की वर एक पडदा, खाली एक पडदा. खालच्या पडद्यावर प्लास्टिकच्या काडीनं खेळायचं. "आई गेली भैयाकडं, मग हे तुला," मामा म्हणाला. मामाच्या धाकट्याला ते जुनं झालं होतं, हे मला कळत होतं. तरी आमच्या घरात फक्त माझ्यासाठी म्हणून आलेली ती बऱ्याच काळानंतरची पहिली वस्तू होती. त्यात एकच कॅसेट होती, आणि ती निघाली ऑपरेशनच्या खेळाची.

आता याला काय म्हणावं? डॉक्टर व्हायचं भैयाला, आणि ऑपरेशनं करायला बसले मी.

खेळ अवघड होता. पेशंट टेबलावर झोपलेला, वरती त्याच्या नाडीचा आकडा, शेजारी उलटं पळणारं घड्याळ. काडीनं पोटावर ठिपक्यांची रेघ ओढली की कातडी उघडायची. मग रक्त शोषायचं, काच किंवा लोखंडाचा तुकडा चिमट्यानं अलगद काढायचा, हिरवं औषध लावायचं आणि नागमोडी रेघ ओढून टाके घालायचे. काडी जरा सरकली की आकडा धाडकन खाली. नर्स इंग्रजीत सूचना द्यायची, त्यातले अडलेले शब्द मी बाबांना विचारायचे. "हेमरेज म्हणजे काय?" असं जेवताना विचारल्यावर बाबांनी हातातला घास खाली ठेवला आणि मग सांगितलं, भळाभळा रक्त वाहणं. पहिले काही पेशंट मी वाचवले. मग आला तो दाढीवाला ट्रक ड्रायव्हर. त्याच्या पोटातली एक जखम शिवली की दुसरी आपोआप फुटायची, दुसरी शिवेपर्यंत तिसरी. नाडी शून्यावर यायची, पडदा काळा व्हायचा आणि नर्स मान खाली घालायची. तो माझ्या हातून किती वेळा गेला याची गणतीच नाही.

पण मी हरल्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं, कारण माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. लातूरला जायचं, आईपुढं बसायचं आणि दाखवायचं की बघ, हात कुणाचा चालतो.

पुढच्याच रविवारी बाबांबरोबर गेले. भैयाची रूम क्लासच्या भागात, तीन मजली इमारतीत. प्रत्येक खोलीत एक शिकणारं लेकरू आणि एक आई, कुणी निलंग्याची, कुणी अर्धापूरची. पोरांच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून तिथं बायका कुजबुजत बोलायच्या. भांडायच्यासुद्धा कुजबुजत. आमच्या खोलीत टीव्ही नव्हता, रेडिओ नव्हता. ओट्यावर आमचा कुकर मात्र चकचकीत बसला होता.

आई मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर यंत्र धरून खेळातल्या एका बाईच्या हातात घुसलेली काच काढून दाखवली. आईनं मेथीवरून मान वर केली आणि परत खाली घातली.

"छान हाय की. आवाज बारीक कर माय, शेजारची पोरं अभ्यास करायलीत."

तेवढ्यात भैया पुस्तक पालथं घालून आला. "बघू," म्हणाला आणि घेतलंच. एक-दोनदा दाढीवाला त्याच्या हातूनही गेला, तेव्हा मला बरं वाटलं. तिसऱ्यांदा त्यानं टाके असे भराभर घातले की नाडी वर चढत गेली आणि पडद्यावर तारे चमकले. आई कधी मेथी सोडून उठली आणि त्याच्या खांद्यामागं येऊन उभी राहिली ते मला कळलंच नाही.

"हात बघ कसा चालायलाय," ती बाबांना म्हणाली. "डॉक्टरचाच हात हाय."

माझ्या अंगाची आग झाली. भैया काय, पहिल्यापासूनच सगळ्यात पुढं. पण हे यंत्र माझं होतं, तो पेशंट माझा होता, आणि ते वाक्य ऐकायला मी नांदेडपासून एसटीत उभी राहून आले होते.

निघताना आई म्हणाली, "हे राहू दे की इथं. त्याचं डोकं जरा हलकं होतंय. तुला काय, तिथं टीव्ही हाय, मैत्रिणी हायत."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आई गेली, कुकर गेला, आता हेही गेलं. परतीच्या गाडीत बाबांनी मला शेंगदाणे घेऊन दिले. मी ते खाल्ले नाहीत.

त्यानंतर फोन तसेच चालू राहिले. जेवलीस का, बाबा आले का, थांब, भैया आला. त्या "थांब"ची मला इतकी सवय झाली की मी सांगण्यासारखं काही मनात आणायचंच सोडून दिलं. वार्षिक परीक्षा संपली आणि मी बाबांना सांगितलं की या खेपेला मी माझी वस्तू परत आणणार. बाबा म्हणाले, "आण की. तुझीच तर हाय."

आम्ही ज्वारीचं पीठ आणि केळी घेऊन कामाच्या दिवशी, भर दुपारी पोचलो. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिडकीजवळच्या पलंगावर आई बसली होती. चष्मा नाकावर, दोन्ही पाय वर घेतलेले, हातात माझं यंत्र, आणि ओठ हलत होते. देवाचं म्हणत असावी असं मला आधी वाटलं.

बाबा खाकरले. आईनं वर न बघताच डावा हात आमच्याकडं केला. "थांबा, थांबा. पेशंट जाईल."

आम्ही पिठाची पिशवी घेऊन उंबऱ्यात थांबलो. थोड्या वेळानं आईनं यंत्र मांडीवर टाकलं. "गेला," ती म्हणाली. "मेला रोज इथंच येऊन जातोय." मग तिला आमच्याकडं नीट बघायला सवड झाली आणि ती लाजली. आईला लाजताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"भैया खेळत नाही?" मी विचारलं.

"कुठलं खेळतंय. आठ दिवस खेळलं, मग टेस्टा चालू झाल्या. उजाडायच्या आत जातंय, सांजच्याला येतंय. ताटापुढं पुस्तक उभं करतंय. आई मीठ दे, आई पाणी दे, तेवढंच बोलतंय."

"मग तू दिवसभर काय करतीस?"

"काय करू? दोन माणसाचा सैपाक किती पुरतोय? मोठ्यानं बोलायचं न्हाई, टीव्ही न्हाई. नळाला पाणी आलं तर जिन्यात चार बायका भेटतेत, तेबी भांडायला." तिनं यंत्र पदरानं पुसलं. "तुझं जिथवर झालंय ते तसंच ठेवलंय बरं का. मी माझं येगळं चालू केलंय."

गरम भाकरी, दोघांचं हसणं, मी जे जे रचलं होतं ते सगळं खोटं निघालं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं. पण हेवा माझ्यात इतका मुरला होता की तो भैयावरून उठला आणि थेट त्या दाढीवाल्यावर जाऊन बसला. भैयाला आई मिळाली नाही, मला मिळाली नाही. तिच्या एवढ्या महिन्यांच्या दुपारी या माणसानं खाल्ल्या, आणि तेही झोपून.

बाबा केळी आणि पीठ ठेवून जरा आडवे झाले. मी आईच्या शेजारी पलंगावर बसले. काडी माझ्या हातात, डोळे तिचे. ती कानाशी कुजबुजत होती, "वरी बघ... आता उजवीकडं फुटली... त्याला औषध लाव, औषध." दाढीवाला गेलाच, पण नेहमीपेक्षा बराच उशिरा गेला.

"भैयाला का नाही विचारलंस? त्याला जमलं होतं की."

"त्याला कशाला? त्यानं करून दिलं म्हणजे संपलंच की मग."

निघताना आईनं स्वतःच यंत्र फडक्यात गुंडाळून शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्याशेजारी माझ्या पिशवीत ठेवलं. "ने. पोरीची वस्तू किती दिवस ठेवून घेऊ." मी दारापर्यंत गेले, परत आले आणि ते काढून पलंगावर ठेवलं.

"राहू दे. तुझा पेशंट अर्ध्यात आहे. अडलं की मला फोन कर."

मोठ्या मनानं दिलं असं कुणी समजू नये. मी सौदा केला होता.

दोन दिवसांनी भर दुपारी फोन वाजला. रात्र नाही, जेवण नाही, आणि आईचा आवाज घाईचा. "अगं, मोठीला टाके घालायले की बारक्या दोन फुटायल्यात. काय करू?" मी सांगितलं, मोठीला हात लावू नको, आधी बारक्यांवर औषध लाव, त्या दबून राहतील. ती म्हणाली, "थांब, फोन स्पीकरला टाकते." त्या सुट्टीत हे रोजचं झालं. ती फोन उशीवर ठेवून खेळायची, मी इकडं फरशीवर पालथी पडून ऐकायचे. टाके घालता घालता ती विचारायची, खालांनी लोणचं घातलं का, बाबांची खोकल्याची गोळी चालू आहे का, कुकरची शिट्टी नीट केली का. पेशंटचं थोडं, आमचं जास्त, असं बोलणं व्हायचं.

एकदा भैया क्लासवरून लवकर आला. त्यानं आईच्या हातून फोन घेतला. "तुम्ही दोघी एवढं काय बोलता गं? माझ्यासंगं तर आई बोलतच न्हाई." हे ऐकून मला जो आनंद झाला त्याची लाज वाटायला हवी. मला नाही वाटत. त्या संध्याकाळी मी चिमट्यानं शिट्टी उचलताना गाणं म्हणत होते.

शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. फोन स्पीकरवर होता. दाढीवाल्याच्या सगळ्या बारक्या जखमा आईनं दाबल्या होत्या, मोठी एकच उरली होती. इतक्या लांब तो आमच्या हातून कधी आला नव्हता. यंत्राचा आवाज तिनं बारीक ठेवलेला, तरी नाडीची टिकटिक मला ऐकू येत होती. आई दम रोखून टाके घालत होती आणि मला बोलायला काहीच नव्हतं. बोलायला काही नव्हतं म्हणूनच असेल, माझ्या तोंडून निघून गेलं.

"आई, मला पाळी आली. दिवाळीच्या आधीच आली. खालांनी बघितलं सगळं."

पलीकडं काडीचा आवाज थांबला. टिकटिक चालू होती, मग ती जलद झाली, मग तिच्यात धोक्याची घंटा वाजायला लागली. मला ती चांगली ओळखीची होती. आता फार तर चार टाके राहिले असतील.

"आई, टाके घाल," मी म्हणाले. "पेशंट जाईल."

"जाऊ दे त्याला," आई म्हणाली. "तू सांग."