पिवळी पावलं

सोलापुरातल्या त्या मोठ्या दवाखान्यात, वाचता न येणाऱ्यांसाठी फरशीवर रंगीत पावलं चिकटवली आहेत. हाडांच्या डॉक्टरांकडे लाल, मेंदूच्या डॉक्टरांकडे पिवळी. आम्हाला पिवळी धरायची होती. आई हल्ली गॅसवर दूध ठेवून विसरायची. हे वयामुळं की आजारामुळं, एवढंच डॉक्टरांना विचारायचं होतं आणि त्या उत्तराचीच मला धास्ती होती.

केसपेपरच्या रांगेत आई सारखी चुळबुळ करायला लागली. रांगेत माझं डोकं फिरतंच. "त्या पिवळ्या पावलांच्या मागं जा आणि संपतील तिथं बस," मी खेकसले.

केसपेपर घेऊन वळले, तर पहिल्या पावलांपाशी आईच्या चपला. नीट, शेजारी शेजारी काढलेल्या. अक्कलकोटच्या मठाबाहेर हरवू नयेत म्हणून तिनं स्वतः त्यांच्या पट्ट्यांना लाल दोरा बांधला होता. चपला होत्या, आई नव्हती. समोर दार सताड उघडं, बाहेर रिक्षा आणि बस. अनवाणी रस्त्यावर गेली असली तर?

मी आधी आत पळाले, पावलांवरून. एका वळणावर पुसून पुसून पावलं गायबच झाली होती. तिथंच भिंतीला टेकून आई खाली बसलेली.

"आगं, पाय काढ आदी!" ती ओरडली. "स्वामींची पावलं हायेत ती. चपला घालून चालत्यात व्हय?"

म्हणून ती अनवाणी, कडेकडेनं आली होती.

"पण इथं का बसलीस?"

"संपतील तितं बस म्हनलीस की. हितं संपली."

मला हसू आलं आणि रडूही. माझा शब्द न् शब्द तिच्या लक्षात होता. काहीही झालं नव्हतं तिला. डॉक्टरांना न भेटताच घरी जावं, असं वाटलं. मी तिचा हात धरून तिला दारापाशी आणलं आणि चपला पुढं सरकवल्या.

आईनं पाय मागं घेतला.

"दुसऱ्याच्या कशाला घालू? खुनंला दोरा बांदलाय बग," ती हळहळली. "शोदत आसंल बिचारी."