टाकी स्वल्प मोठी

विद्याधर खांबेट्यांच्या घरात ॲल्युमिनियमची साधी कढईसुद्धा कधी शिरली नाही. बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर केले, आणि त्या सगळ्यांचं वाइंडिंग, म्हणजे आतले वेढे, तांब्याच्या तारेचं. तांब्याला नावं ठेवणारा माणूस त्यांच्या टेबलासमोर फार वेळ टिकत नसे. आता पंचाहत्तरी आली, तरी बेळ्ळंदूरच्या त्यांच्या सोसायटीत विजेचं काही निघालं की खांबेटेकाकांनाच बोलावणं जातं.

त्या रविवारीही गेलं. सोसायटीचा जुना ट्रान्सफॉर्मर बदलायचा होता. सेक्रेटरी प्रणीत दोन कोटेशन्स घेऊन बसला होता.

"काका, एक कॉपर, एक ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमवाला म्हणतो परफॉर्मन्स सेम. फेकतोय ना?"

काकांनी चष्मा लावला आणि ॲल्युमिनियमचं ड्रॉइंग उघडलं. तार तांब्यापेक्षा दीडपटीहून जाड. ती मावावी म्हणून आतला लोखंडी कोअर रुंद, हे सगळं तेलात बुडवून ठेवायची बाहेरची टाकी मोठी. तापमान मर्यादेच्या आत. कोणीही फेकत नव्हतं. ही टाकी त्यांनी आधी पाहिली होती, तीस वर्षांपूर्वी, सुलभाच्या वहीत.

सुलभा बेंगळुरूमधल्याच शिवाजीनगरची, कित्येक पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातली. खांबेट्यांच्या हाताखालच्या डिझाइन विभागात ती एकटीच बाई. तिच्या मराठीत कन्नड शब्द यायचे, 'थोडं'च्या जागी 'स्वल्प', 'बरं'च्या जागी 'सरी', आणि पुण्याकडून आलेली मंडळी त्यावर हसायची. खांबेटे जरा जास्तच. ॲल्युमिनियमची चाचणी घ्या, असा वरून हुकूम आला, तेव्हा तिने पंधरा दिवस खपून गणित मांडलं.

"सर, तार जाड येते. टाकी स्वल्प मोठी करूया."

"आपल्या कारखान्यात स्वल्प नावाचं माप नाही," खांबेटे म्हणाले. सगळा विभाग खो खो हसला.

टाकी बदलायची म्हणजे नवं ड्रॉइंग, नवी मंजुरी, सहा महिने. अहवाल मार्चअखेर हवा होता. आणि खरं सांगायचं तर ॲल्युमिनियम पास व्हावं असं खांबेट्यांच्या मनातच नव्हतं. त्यांनी तांब्याच्याच मापाच्या टाकीत मावेल तेवढी बारीक तार कोंबायला लावली. चाचणीला लावल्यावर ते तापलं. तापणारच होतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अहवालात त्यांनी लिहिलं, 'ॲल्युमिनियम अयोग्य. डिझाइन: सुलभा सुर्वे.' टाकीबद्दल अवाक्षर नाही.

महिन्याभरात सुलभाची बदली स्टोअर्समध्ये झाली. जायच्या दिवशी ती टेबलापाशी आली. "सर, टाकीचं तेवढं लिहा ना."

"बघू," खांबेटे म्हणाले. ती स्टोअर्समधूनच निवृत्त झाली, पण त्यांचं बघणं काही झालं नाही.

"काका? काय करायचं मग?" प्रणीतने विचारलं.

"ॲल्युमिनियम घ्या. गणित बरोबर आहे."

प्रणीत बघतच राहिला. काका मात्र तडक घरी आले. दर युगादीला, म्हणजे पाडव्याला, सुलभाचा शुभेच्छांचा मेसेज यायचा आणि ते नुसतं हात जोडलेलं चित्र पाठवायचे. आज त्यांनी पहिल्यांदा तो नंबर लावला.

"सर? बरे आहात ना?"

"सुलभा, तुझं गणित बरोबर होतं. टाकी लहान ठेवली ती मी. मला तेव्हाच ठाऊक होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केला असावा.

"मलाही ठाऊक होतं, सर."

आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं. ते घाईघाईने म्हणाले, "मी आजच कारखान्याला पत्र लिहितो. तो अहवाल दुरुस्त करा म्हणून."

"कोणाला लिहिणार? डिझाइन विभाग बंद होऊन सहा वर्षं झाली. जुन्या फायली रद्दीत काढल्या. मीच काढल्या, स्टोअर्सचं काम ना ते."

"आणि तो अहवाल?"

"होता त्यात. काट्यावर टाकायच्या आधी उभ्याउभ्या पूर्ण वाचला. वाटलं, मागाहून तरी तुम्ही टाकीचं कुठे लिहिलं असेल." पलीकडे कुकरचं झाकण वाजलं. "सरी सर, पोरं जेवायची आहेत. ठेवते हां."

खांबेट्यांनी तरीही पत्र लिहायला घेतलं. 'टाकी लहान होती आणि ते मला माहीत होतं,' एवढं एकच वाक्य झालं. खाली सही केली. वर कोणाचं नाव घालावं, ते त्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही.