झुडपावरच्या चिंध्या

सोनू, हे वाचताना माझ्या जवळ बसली आहेस असं समज. तो फोन आधी बाजूला ठेव. देऊळगाव राजाच्या शाळेत शिक्षिका झालीस, माईकवरून आत्याची ओळख करून दिलीस, चांगलं केलंस. पण काय म्हणालीस वं? 'युद्धानं रानटी झालेल्या लोकांत आत्यानं शांतता नेली.' असं बोलतात का, पोरी? टाळ्या वाजल्या, मीही गप्प बसले. चूक माझीच. म्हणून लिहिते.

मी निमलष्करी दलात हेड कॉन्स्टेबल होते. आफ्रिकेतल्या एका देशात लढाई नुकतीच थांबली होती. तिथं निळ्या टोपीच्या शांतीसेनेत आमची बायकांची तुकडी गेली. मी संग्रामपूरची, कमल डोणगावची. दोघी एकाच सेक्शनमध्ये. पाचला पीटी, सहाला फॉल-इन, साडेसहाला गस्त. गावातल्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन बाजाराला निघायच्या. त्यांच्या पुढं एक गाडी, मागं एक. आम्ही असलो की त्यांना वाटेत कोणी अडवत नसे. एवढंच काम.

रस्त्याकडेला चांगली जमीन पडीत होती.

"फुकटच्या राशनची सवय लागली यायले," कमल म्हणायची. मी मान हलवायची.

त्या दिवशी सात चाळीसला पुढच्या गाडीचं चाक बसलं. दुभाषा तिकडं गेला. आमच्या बाजूच्या शेतात दहा-बारा पावलांवर एक झुडूप होतं. त्याला लाल चिंध्या बांधलेल्या. आपल्या घाटात झाडाला चिंधी बांधतात, प्रवास नीट व्हावा म्हणून, अगदी तशा.

"पाह्य वं, आपला चिंध्यादेव!" कमल म्हणाली.

"तो इथं कसा आला?"

"देवाले काय पासपोर्ट लागते?" तिनं रुमालाची पट्टी फाडली. "तुह्या नावाची बी बांधू?"

"बांध. लवकर ये."

मार्था ही त्या बायांची म्होरकी, साठीची. ती पाटी टाकून, दोन्ही हात वर करून ओरडत धावली. आम्हाला वाटलं, परक्यांनी देवाला शिवू नये म्हणते.

"काई बिघडवत नाई, मावशी," कमल मराठीतच म्हणाली. हसली. पुढचं पाऊल टाकलं.

सुरुंग होता. सात चव्वेचाळीस.

"कंट्रोल, अल्फा टू. माइन ब्लास्ट. कॅज्युअल्टी वन. ओव्हर."

"अल्फा टू, नाव सांगा. ओव्हर."

मी नाव सांगितलं.

"हेलिकॉप्टर निघालं. कोणी आत जायचं नाही. ओव्हर."

मी जागेवर उभी राहिले. हुकूम होता. मार्था आत गेली. कुठं पाय ठेवायचा ते तिला माहीत होतं. तिनं कमलला काखेत धरून रस्त्यावर ओढत आणलं, डोकं मांडीवर घेतलं. आठ पाचला कमल गेली. हेलिकॉप्टर आठ वीसला आलं. मला रडू आलं नाही. मी दोन्ही रायफली मोजून जमा केल्या.

चौकशीत दुभाष्यानं सांगितलं, सुरुंगात माणूस गेलं की बाया तिथं लाल चिंध्या बांधतात. जमीन पडीत होती ती सुरुंगांमुळे.

"त्यांनी आपल्याला लेखी कळवलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर. चिंध्या होत्या."

रिपोर्टमध्ये आलं: स्थानिक लोकांनी इशारा दिला नाही. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. त्या रस्त्यावरची गस्त बंद झाली. बाया पुढं बाजाराला कशा गेल्या, गेल्या की नाही, मला माहीत नाही.

डोणगावला कमलची आई आहे. मी दरवर्षी जाते. ती चहा ठेवते आणि म्हणते, "त्या बायायनं तोंड उघडलं नाई, म्हणून माही पोर गेली." मी म्हणते, "हो माय." कप विसळून ठेवते आणि परत येते. तिची पोर त्यांच्यातल्याच एकीच्या मांडीवर गेली, हे मी अजून सांगितलेलं नाही. मी "बांध" म्हणाले, हेही नाही.

माय आता फार थकली. म्हणून तू ये, सोनू, येत्या रविवारीच ये. दोघी डोणगावला जाऊ. तिथं माझ्या शेजारी बस, आणि मी पुन्हा "हो माय" म्हणाले तर मला तिथंच टोक. लवकर ये.