तिवरांवरचे चेहरे

मुखवटेबाई बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत. हनुवटी बघत, गालांची हाडं बघत. मी नवघरला राहायला आले तेव्हा पहिल्याच भेटीत चिखलाच्या बोटांनी माझी हनुवटी उचलून म्हणाल्या, "जखीण छान होईल गं तुझी." दादरहून आलेल्या नव्या शेजारणीचं हे स्वागत! मी कितीतरी दिवस त्यांना टाळत होते.

बाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. घरात खाडीचा चिखल, कागदाचा लगदा आणि माशांच्या खवल्यांचा वास, आणि भिंतीभर बायकांचे मुखवटे. सटवाई, जखीण, कुमारिका, म्हातारी. चेहरे मात्र गल्लीतल्याच बायकांचे. "आपल्याकडे बाईला दोनच चेहरे दिलेत," त्या म्हणत, "देवी नाहीतर हडळ. मधले सगळे मला करायचेत." माझ्या सासूबाईंची त्यांनी सटवाई केली. सासूबाई आधी फणफणल्या, मग पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवू लागल्या.

आमच्या मागे खाडीकाठाला तिवरांची झाडी आहे. भरतीचं पाणी तीच अडवते. एका उन्हाळ्यात तिथे डंपर येऊन बांधकामाचा राडारोडा ओतू लागले. तक्रारी करून आम्ही थकलो. तेव्हा बाईंनी भिंतीवरचे सगळे मुखवटे काढले आणि तिवरांना बांधले. मधोमध हिराबायचा चेहरा, कपाळाला शेवाळ, ओठांत शिंपला. हिराबाय म्हणजे शेजारच्या जुन्या गावातली, आमच्या दारावर मासे घेऊन येणारी. दुसऱ्या दिवशी डंपरवाला खाली उतरला, त्याने चपला काढल्या. "मॅडम, देवी के ऊपर मट्टी नहीं डालेगा मैं," म्हणाला आणि गाडी वळवून गेला. बाई आणि मी पोट धरून हसलो.

हसू फार टिकलं नाही. थोड्याच दिवसांत तिथे हळदकुंकू आलं, खणानारळाने ओट्या भरल्या जाऊ लागल्या. हिराबाय तर स्वतःच्याच चेहऱ्यापुढे हात जोडायची. "अगं, झाडं बघा, मुखवटे काय बघता!" बाई सांगून दमल्या. आणि मग एका सकाळी विटा, सिमेंट येऊन पडलं. देवीला देऊळ होणार होतं. त्यासाठी तिवरं तोडून भराव घालायचा, आणि भराव देणार ज्याचे ते डंपर होते तोच कंत्राटदार, पुण्य म्हणून फुकट.

बाई कोयता घेऊन निघाल्या. मी मागे धावले. त्यांनी एकेका मुखवट्याची सुतळी कापायला घेतली तशा गावातल्या बायका जमल्या. हिराबाय आडवी आली.

"हात नको लावू, बाय. देवी हाय ती."

"तुझंच तोंड आहे ते हिराबाय! कागद आहे, कागद."

"कागद न्हाय. आमची आई हाय."

बाईंनी तो मुखवटा गुडघ्यावर ठेवून मोडला. इतक्या हौसेने केलेला. त्या रडत होत्या आणि मोडत होत्या. कोणीतरी दगड उचलला. मी बाईंचा दंड पकडून उभी राहिले.

"आता डंपर आला तर कोन थांबवल?" हिराबाय किंचाळली.

"मी उभी राहीन," बाई म्हणाल्या.

देवीच मोडल्यावर देऊळ बारगळलं, पण डंपर परत आला. ड्रायव्हर नवा होता. बाई एकट्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याने हॉर्न दाबून धरला आणि गाडी हळूहळू पुढे घेतली. मी ओरडत पळत सुटले. माझ्याआधी हिराबाय पोचली. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि बाईंकडे न बघता त्यांच्या शेजारी उभी राहिली. डंपर तिथेच थांबला, मग मागे गेला.

हिराबायने त्यांना माफ मात्र केलं नाही. गेल्या वर्षी बाई गेल्या, तोवर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. पण डंपर आला की दोघी शेजारीशेजारी.

आता बाईंच्या जागी मी उभी राहते. हिराबाय माझ्याशीही बोलत नाही. गाडी पुढे सरकू लागली की मात्र माझं मनगट घट्ट धरते.