भाई ताटावरून उठले तो दिवस

मोरजीच्या चंद्रावतीबाईंना बोलतं करावं लागत नाही. गप्प बसवणारा मात्र अजून जन्माला यायचाय. अशा बाईंच्या पदराला सुविधाने माइक लावला आणि त्यांची वाचाच बसली!

पेडण्यात शिवदासभाईंच्या नावाने संग्रहालय होतंय. चाळीस वर्षांपूर्वी घरोघर फिरून भाईंनी किनाऱ्यावरची कासवं वाचवली. त्यांच्या आठवणी असलेल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती सुविधा त्यासाठी करत होती. बाईंचे नवरे गोकुळदास जिवंत होते तोवर गावभर सांगत सुटायचे, "भाई आमच्याकडे जेवले!" तिला तेच हवं होतं.

"आजी, भाई जेवायला आले तो दिवस सांगा ना."

आता काय सांगायचं, कपाळ! नवऱ्याने मिरवलेलं राखायचं, की खरं ते बोलून मोकळं व्हायचं? वय अठ्ठ्याहत्तर, आज नाही तर मग कधीच नाही. बाईंनी दोनदा पाणी मागितलं, आणि एकदाची सुरुवात केली.

"जेवले खंय गो! मी कासवाची अंडी वाढलेली. तेव्हा सगळेच खायचे. पोरांका ठेवलेली ती पाहुणा म्हणून भाईंका वाढली. त्यांनी बघितलं आणि ताटावरून उठले. घासाक हात लावूक नाय."

भरल्या ताटावरून पाहुणा उठला की वाढणारीला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्या दिवशी बाई चुलीपाशी बसून हमसून हमसून रडल्या होत्या.

"दुसऱ्या दिवशी सकाळीच भाई दारात. 'वहिनी, माझं चुकलं. असेल ते वाढा.' ओट्यावर बसून पेज जेवले. कासवाबद्दल चकार शब्द नाय. पण अंडी काय परत माझ्या घरात आली नाय."

सुविधाचे डोळे भरले. असंच काहीतरी हवं होतं बाई! कॅमेरा बंद करायला तिने हात पुढे केला.

"थांब गो बाय, संपलं नाय." बाईंनी पदर सारखा केला. "भाई वारले तोवर मी त्यांच्याशी धड बोललंय नाय. रागच जायना माझा."

मग सुविधाकडे न बघता त्या थेट कॅमेऱ्याकडे वळल्या.

"भाई, माफ करा माका. त्या पेजेत मी मुद्दाम मीठ घालूक नाय, अळणीच वाढली. आणि तुम्ही 'बरी झाली' म्हणत परत मागून जेवलात!"