पाठकोऱ्या कागदावरचं रेडिओ स्टेशन

आमच्या घरात पाठकोरा कागद फेकणं हे पाप होतं. वडील संघटनेचं काम करायचे. पुढच्या खोलीत हातानं फिरवून छापायचं सायक्लोस्टाइलचं मशीन होतं आणि मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. एक बाजू वापरलेली असली तर दुसऱ्या बाजूवर छापायचं, हा नियम. पुढे बरीच वर्षं मी याच नियमाच्या आड लपले.

शहापूरच्या एसटी स्टँडजवळ एका काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आमचा मेगाफोन बिघडला की तेच नीट करून द्यायचे. राहायला शेणव्याला. दोन हजार सालानंतर मुंबईत खाजगी एफएम आली, तेव्हा त्यांनी घरामागच्या टेकाडावर बांबूला अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या बांधून एक स्टेशन पकडलं. ते रोज संध्याकाळी तासभर रिदम अँड ब्लूज लावायचं, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी. काका ऐकता ऐकता निवेदिका सांगेल ते फुलस्केपवर मराठीत उतरवायचे. कोण गातंय, कुठल्या गावचा, बाप काय करायचा. तासाची वेळ कधी बदलली, एखाद्या बुधवारी गाणी का लागली नाहीत, तेही. इंग्रजी अडलं की मला विचारायचे आणि मी तुटकपणे सांगायचे.

तुटकपणे, कारण मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि परदेशी गाणी म्हणजे तरुणांना दिलेली गुंगी, असं एका पत्रकात छापून मोकळी झाले होते. काकांनी ते वाचलं होतं. तरीही स्टेशन आता फक्त हिंदी गाणी लावणार असं कळलं, तेव्हा त्यांनी सगळा गठ्ठा माझ्या हातात दिला. "तुला लिहिता येतं. ह्याचं पुस्तक कर गो. नायतर असं कायतरी होतं हे कोणाला कळायचं नाय."

मी हो म्हटलं. गठ्ठा मशीनशेजारी ठेवून दिला.

पुढच्याच महिन्यात तहसील कचेरीवर मोर्चा होता. वीटभट्टीवर माणसं नेणाऱ्या मुकादमांविरुद्धचं पत्रक आदल्या दिवशी छापताना कागद संपला आणि बाजार बंद होता. मशीनशेजारचा काकांचा गठ्ठा पाठकोरा होता, तोच मी लावला. गडबडीत चुकून झालं, असं मी घरी सांगितलं. ते खोटं होतं. अक्षर मी ओळखलं होतं. मोर्चा महत्त्वाचा की गाणी, असं स्वतःलाच विचारलं आणि हँडल फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मेगाफोन घेऊन आलेल्या काकांच्या हातात आमच्याच एका कार्यकर्त्यानं पत्रक दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, मग उलटलं. मागच्या बाजूला त्यांचंच अक्षर होतं. मी समोर उभी होते.

"चांगलं लिवलंय," ते म्हणाले. "कागद वाया नाय गेला." मेगाफोन माझ्या हातात देऊन ते दुकानाकडे गेले.

नंतर मी डोळखांबकडच्या पाड्यांवर पत्रकं परत मागत फिरले. बरीचशी चुलीत गेली होती, काहींत तंबाखू बांधली होती. एका घरातल्या मावशींनी पत्रक भिंतीला चिकटवलं होतं, माझी बाजू वर. "तुमचा कागद आमी जपलाय," त्या म्हणाल्या. मी पाण्यानं भिजवून तो सोडवायला गेले, तर मागची अक्षरं भिंतीलाच राहिली.

धड चार पानं मिळाली. एकावर काकांनी लिहिलं होतं: ह्याचा बाप दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचा, हंगाम आला की बायकापोरं घेऊन गाव सोडायचा. पलीकडून माझ्या पत्रकाची शाई उतरली होती. तिथेही गाव सोडणारी माणसंच होती. मी ते पान छापण्याआधी वाचलं असतं तर, हा प्रश्न मी अजून टाळते.

पानं घेऊन मी दुकानात गेले. तुम्ही पुन्हा सांगा, मी उतरवून घेते, म्हटलं. काका एका ट्रान्झिस्टरचं झाकण उघडत होते.

"आता सांगितलं तर ती माझी आठवण होईल. स्टेशनचा इतिहास नाय."

मग निदान ही चार तरी घ्या, म्हणून मी पानं पुढे केली. त्यांनी वर पाहिलं नाही.

"ठेव तुझ्याकडं. तुझंबी लिवलेलं हाय त्याच्यावर."